कुदळ आणि टकळी : आचार्य विनोबा भावे यांचे एक स्मरण

दुर्ग स्थानक सोडून गाडी पश्चिमेकडे धावू लागली की आम्हां भिलाईकर मराठी माणसांच्या मनाला गावची ओढ लागते. राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, नागपूर अशी स्थानके मागे पडतात आणि वर्धा-सेवाग्रामचा परिसर येतो. या वाटेने आम्ही वर्षानुवर्षे ये-जा केली. कधी लग्नकार्यासाठी, कधी दिवाळीला, तर कधी दुःखद वार्ता आली म्हणून. परंतु याच लोहमार्गापासून थोड्या अंतरावर, वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, धाम नदीच्या काठी पवनार नावाचे गाव आहे आणि तेथे एका कृश माणसाने हातात कुदळ घेऊन मोडलेल्या शरीराला आणि विस्कटलेल्या काळाला उत्तर शोधले, याचा विचार आमच्यापैकी फार थोड्यांनी केला असेल. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र सांगावयाचे ते याच दृष्टीने. भूदानाचे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत; मातीत वाफे करणारे आणि सूत कातणारे विनोबा तितकेसे ठाऊक नाहीत.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी गागोदे या खेड्यात झाला. हे गाव तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात आहे. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. म्हणजे हे कुटुंबही आपल्यासारखेच पोटासाठी परमुलुखात गेलेले मराठी कुटुंब होते. वडिलांना कापड रंगविण्याच्या प्रयोगांची आवड होती. नियम, मोजमाप आणि नेटकेपणा हे त्यांचे गुण मुलाने घेतले. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, पण तिच्या कंठात अभंग आणि स्तोत्रे होती. तुळशीला पाणी घातल्यावाचून मुलांनी जेवावयास बसू नये, असा तिचा शिरस्ता होता. आपल्या अगोदर झाडाला पाणी, हा संस्कार विनोबांवर झाला तो असा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पुढे गीतेचा जो सोपा मराठी अनुवाद त्यांनी केला, त्याचे नाव ‘गीताई’ ठेवण्यामागे हीच आई होती. सहज समजेल अशी मराठी गीता तिने मुलाजवळ मागितली होती.

1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीस गेला. प्रशस्तिपत्रके त्याने त्यापूर्वीच चुलीत घातली होती. हिमालयातील शांती आणि बंगालमधील क्रांती अशा दोन ओढी मनात होत्या. काशीत असताना गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी तो अहमदाबादेस कोचरब आश्रमात पोहोचला. त्या वेळी गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी एक सुरी या नवागताच्या हाती दिली. ब्रह्मजिज्ञासेने घर सोडलेल्या तरुणाला पहिला धडा मिळाला तो भाजी चिरण्याचा. पुढील आयुष्यात विनोबांनी ब्रह्म आणि भाजी यांत अंतर मानले नाही, याचे मूळ कदाचित त्या सकाळीच असावे.

आश्रमात त्यांनी प्रथम नवार विणण्याचे काम केले. दिवसभर मागावर बसूनही पोटापुरती मजुरी सुटत नाही, हा अनुभव त्यांना तेथे आला. हाताने राबणाऱ्याचा घाम या देशात इतका स्वस्त का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. 1918 साली आईचे निधन झाले. तिची एक साडी आणि अन्नपूर्णेची मूर्ती एवढीच आठवण त्यांनी जवळ ठेवली होती. साडी ते उशाशी घेत असत. पुढे केवळ खादीच वापरण्याचा निश्चय झाला, तेव्हा ती साडी खादीची नाही म्हणून त्यांनी साबरमतीच्या प्रवाहात सोडून दिली. या प्रसंगी मनाला किती पीळ पडला असेल, याची कल्पना घरापासून दूर राहताना आईच्या लुगड्याची गोधडी उराशी धरणाऱ्या आपल्यासारख्यांनाच येऊ शकेल.

8 एप्रिल 1921 रोजी विनोबा वर्ध्यास आले. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजींनी तेथील आश्रमाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली होती. त्यानंतरचा काळ मोठा अस्थिर होता. झेंडा सत्याग्रह, सविनय कायदेभंग, तुरुंगवास, सुटका आणि पुन्हा तुरुंगवास असे चक्र चालले होते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तर मराठी वाचकास सांगावयास नकोच. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस तुरुंगाबाहेर आल्यावर त्यांनी जे केले ते कमी प्रसिद्ध आहे. वर्ध्याजवळच्या नालवाडी या प्रामुख्याने हरिजनांच्या वस्तीत ते राहावयास गेले आणि कातण्याच्या मजुरीवर आपला निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी आरंभिला.

ज्यांनी टकळी कधी हातात धरली नाही, त्यांना या प्रयोगातील कष्ट उमगणार नाहीत. पेळूतून सारख्या जाडीचा धागा ओढावयाचा, त्याला पीळ द्यावयाचा, तो गुंडाळावयाचा. असे 160 तार झाले की एक लटी, आणि चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी. तार चार फुटांचा धरला, तर एका गुंडीत 853 वार सूत भरते. घाई केली की धागा तुटतो. मन भरकटले की धागा जाडाभरडा होतो. विनोबा दिवसाचे कित्येक तास कातीत आणि जेवढी मजुरी पडेल तेवढ्यातच आपले अन्न बसवीत. उजवा हात थकला तर डाव्याने कातता यावे म्हणून त्यांनी दोन्ही हात तयार केले आणि दोहोंच्या गतीची नोंद ठेवली. हा केवळ देहदंड नव्हे. कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी जे मिळते त्यात माणूस जगू शकतो का, हे त्यांना स्वतःच्या पोटावर मोजून पाहावयाचे होते. त्याच सुमारास चरखा संघाने कातणाराला निर्वाहापुरती मजुरी द्यावी, असा आग्रह गांधीजींनी धरला.

नालवाडीच्या या वास्तव्यातून 1934 साली ग्रामसेवा मंडळ उभे राहिले. खादी, चर्मोद्योग, तेलघाणी अशा खेड्यातल्या हस्तव्यवसायांना नवे बळ देणे हा त्याचा हेतू होता. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. ज्यांना समाजाने वाळीत टाकले त्यांच्या झडलेल्या बोटांनाही शेती आणि सूतकताईचे काम झेपू शकते, हे तेथे दिसून आले. औषध रोगावर चालते. पण आपण अजून उपयोगाचे आहोत ही जाणीव देण्याचे सामर्थ्य औषधात नसते, कामात असते.

आता त्यांच्या आयुष्यातील त्या वर्षाकडे वळू, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. 1938 च्या आरंभी विनोबांची प्रकृती अगदी ढासळली. वजन 88 पौंडांवर, म्हणजे सुमारे 40 किलोंवर आले. हा देह आता फार काळ टिकत नाही, असे आसपासच्या माणसांना वाटू लागले. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सुचविले. विनोबांनी निवडले ते सहा मैलांवरचे पवनार. तेथे धाम नदीच्या पलीकडे टेकाडावर जमनालालजींचा बंगला रिकामा पडलेला होता. मार्च महिन्यात ते तेथे गेले. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी आजवरच्या सर्व कामांचा आणि चिंतांचा मनाने त्याग केला. धामच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानाचे नाव पुढे परंधाम पडले.

तेथे त्यांनी उपचार म्हणून कोणता मार्ग पत्करला? बंगल्याच्या आवारात ते खणू लागले. पहिल्या दिवशी अवघी काही मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्यात थोडी भर. थकवा आला की कुदळ खाली ठेवून स्वस्थ बसावयाचे, आकाशाकडे पाहावयाचे. आज किती खणले यापेक्षा कालच्याहून थोडे अधिक खणले का, एवढाच हिशोब. असे करीत करीत खणण्याची वेळ वाढत गेली, भूक परतली, झोप परतली, आणि सुमारे दहा महिन्यांत वजन 128 पौंडांवर गेले. आजारी माणसाने कुदळ उचलावी असा सल्ला आम्ही कोणास देणार नाही. आजाराचे निदान वैद्याने करावे हेच योग्य. परंतु खचलेल्या माणसाने किती लहान आरंभ करावा आणि तो किती सावकाश वाढवावा, याचा याहून चांगला वस्तुपाठ मराठी चरित्रांत आम्हांस आढळलेला नाही.

या खणण्यातून आणखी एक गोष्ट वर आली. पवनारची भूमी प्राचीन आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. खणता खणता जुनी शिल्पे सापडू लागली, आणि त्यांत भरत-रामाच्या भेटीचे एक शिल्प मिळाले. आश्रमात त्याची पुढे प्रतिष्ठापना झाली. चौदा वर्षांच्या वियोगानंतर दोन भाऊ भेटतात, तो हा क्षण. केवळ प्रकृतीसाठी मारलेल्या कुदळीला असे फळ यावे, यात विनोबांनी ईश्वराचा संकेत पाहिला. आम्ही एवढेच म्हणू की जो खणतो त्यालाच काही सापडते.

ऑक्टोबर 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडले आणि हा अज्ञात माणूस एका दिवसात देशाला माहीत झाला. त्यानंतर पुन्हा तुरुंग. 1942 ते 1945 पर्यंतचा काळ वेल्लोर आणि शिवनी येथे गेला. सुटून आल्यावर कोणी सत्कार-समारंभांच्या मागे लागला असता. विनोबा खांद्यावर फावडे टाकून रोज सकाळी जवळच्या सुरगावी भंगीकाम करण्यास जाऊ लागले. ऊन असो, पाऊस असो, हा नेम त्यांनी दीर्घकाळ चालविला. गावचा मैला मातीआड करून त्याचे सोनखत करावे आणि ते शेतात घालावे, ही त्यामागील दृष्टी. ज्याची आपण किळस करतो त्यातूनच पीक येते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पांढरपेशांना ते शिकावे लागते.

पुढे 1947 आणि 1948 ही वर्षे आली. फाळणीच्या आगीत देश होरपळला, आणि 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. स्वातंत्र्य मिळाले होते, पण दिशा दिसत नव्हती. विनोबा दिल्लीकडे गेले, निर्वासितांत राहिले, उखडलेल्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनासाठी झटले. परंतु सरकारी यंत्रणा आणि पैसा यांच्या आधारे माणसांची मने सांधत नाहीत, हा विषाद घेऊनच ते पवनारला परतले. तेथे 1950 साली त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. आश्रमाचा व्यवहार पैशावाचून, स्वतःच्या श्रमावर चालावा; आणि त्याची सुरुवात भाजीपाल्यापासून व्हावी, असे ठरले. बैलही न जोडता केवळ मनुष्यबळाने करावयाच्या या शेतीला त्यांनी ऋषिशेती हे नाव दिले.

पंचावन्नाव्या वर्षी हा विद्वान, ज्याला अनेक भाषा आणि उपनिषदे मुखोद्गत होती, तरुणांच्या बरोबरीने विहीर खोदीत होता. रहाटाला बैलांच्या जागी माणसे लागत, आणि फिरता फिरता गीताईचे श्लोक म्हणत. श्लोक पुढे सरकत, पाणी वर येत असे, आणि वाफ्यांतून ते पाटाने पसरत जाई. देशभर घोषणांचा आणि आरोपांचा गदारोळ चालला असता एका लहानशा आवारात वांगी, भेंडी, पालेभाज्या वाढत होत्या. वरवर पाहता हा पलायनवाद वाटेल. तसा आक्षेप त्या काळी घेतलाही गेला. पण मार्च 1951 मध्ये शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा सुमारे 300 मैल पायी निघाले, आणि 18 एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सभेतच गावापुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केले, तेव्हा त्या आवाराचा अर्थ उलगडला. ज्याने स्वतः माती उपसली होती, त्यालाच माती मागण्याचा अधिकार पोहोचत होता.

भूदानाची ती तेरा वर्षांची पदयात्रा हा स्वतंत्र विषय आहे. तिचे यश सांगताना मर्यादाही सांगितली पाहिजे. लक्षावधी एकर जमीन दानपत्रांवर आली. त्यांपैकी बरीच नापीक वा वादग्रस्त निघाली, आणि मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पोहोचलाच नाही. पुढे 1975 च्या आणीबाणीत विनोबांनी घेतलेल्या भूमिकेवर त्यांच्याच अनेक चाहत्यांनी कठोर टीका केली. थोर माणसाचे चरित्र सोवळ्यात गुंडाळून ठेवू नये, असे आम्हांस वाटते. मात्र ज्या कामात त्यांना कोणाच्या सहीची गरज नव्हती, ते काम, म्हणजे कातणे आणि खणणे, कधी खोटे ठरले नाही. पिकलेली भाजी आणि कातलेली गुंडी ही कागदावरची आश्वासने नसतात.

या यात्रेचा आपल्या भूमीशीही संबंध आहे. डिसेंबर 1963 मध्ये सर्वोदय संमेलन भरले ते रायपूरला. तेथे विनोबांच्या उपस्थितीत ग्रामदान, ग्रामाभिमुख खादी आणि शांतिसेना असा त्रिविध कार्यक्रम मान्य झाला. आपल्या भिलाईत त्या वेळी पहिली झोतभट्टी धगधगू लागून पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एकीकडे पोलादाचा रस वाहत होता आणि दुसरीकडे काही कोसांवर खादीचा विचार चालला होता. एप्रिल 1964 मध्ये विनोबा पवनारला परतले. तेथे 1959 साली त्यांनी स्त्रियांसाठी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात त्यांचे उर्वरित आयुष्य गेले, आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीच्या दिवशी, अन्नपाणी व औषध यांचा त्याग करून त्यांनी शांतपणे देह ठेवला. 1983 साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी स्वहस्ते शेती, स्वयंपाक आणि छपाई करण्याचा क्रम त्यांच्या मागेही चालू ठेवला.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. पोलादाच्या कारखान्यावर ज्यांची घरे उभी राहिली, त्या आम्ही टकळीचे गुणगान कोणत्या तोंडाने करावे? यंत्राने आपल्याला पगार दिला, मुलांना शिक्षण दिले, म्हातारपणी निवृत्तिवेतन दिले. त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. विनोबाही विज्ञानाचे शत्रू नव्हते. विज्ञान आणि अध्यात्म यांची जोड हवी, हा त्यांचा आग्रह होता. परंतु यंत्राच्या व्यवहारात उद्याची खात्री आपल्या हाती नसते. भाव पडतात, भरती थांबते, मुले नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, परदेशी जातात. हातात एखादे असे काम असावे, ज्याचा आरंभ आणि शेवट आपल्या डोळ्यांसमोर होतो. पोटासाठी नसले तरी मनासाठी ते असावे.

जुनवानीच्या परिसरात आज जेथे वसाहती दिसतात, तेथे एके काळी शेते होती. त्या मातीचा गुण अजून गेलेला नाही. आमच्या घरांच्या परसात कढीपत्ता, अळू, शेवगा, गवती चहा आणि तुळस आहे. त्यांतले एखादे रोप तरी गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीने आणलेले असते. 2020 साली महामारीने सर्वांना घरात कोंडले, गाड्या थांबल्या, गावच्या माणसांचे शेवटचे दर्शनही कित्येकांना घडले नाही. त्या दिवसांत आम्ही काय केले? कोणी कुंडीत मेथी पेरली, कोणी जुन्या साड्यांची गोधडी शिवावयास घेतली, कोणी अर्धवट राहिलेला लोकरीचा स्वेटर पुरा केला. तेव्हा कोणाला विनोबांची आठवण झाली असेल असे नाही. पण आम्ही तेच करीत होतो, जे 1938 साली त्यांनी केले होते: आज काही मिनिटे, उद्या त्याहून थोडी अधिक.

आशा ही मनात वाट पाहत बसण्याची गोष्ट नव्हे, ती हातांनी रोज थोडी थोडी तयार करावी लागते, हे या चरित्राचे सार आम्हांस वाटते. बी पेरणारा माणूस उद्या उजाडेल असे गृहीत धरतो. गोधडीला पहिला टाका घालणारी बाई ती कोणाच्या तरी अंगावर पडेल असे गृहीत धरते. मंडळाची पन्नास वर्षेही अशीच भरली: कोणी सतरंज्या घातल्या, कोणी मखर केले, कोणी रांगोळी काढली, कोणी वर्गणीचे हिशोब लिहिले. एका दिवसाचे काम पाहता ते क्षुल्लक होते.

पुढल्या खेपेस गावी जाताना एक दिवस वर्ध्यास उतरावे आणि मुलांना घेऊन पवनारला जावे, असे आम्ही सर्व कुटुंबांस सुचवितो. धाम नदीचे पात्र पाहावे, भरत-रामाच्या शिल्पापुढे क्षणभर उभे राहावे. परतल्यावर परसातील एक वाफा मुलांच्या हातांनी खणून घ्यावा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत.